डुंबरे गुरुजींचा बिबट्या

“जिराफाच्या मानेत मणके किती?” ह्यांनी विचारलं.

समोर जिराफ बाभळीचा शेंडा ओरपत उभा होता आणि आम्ही सगळे त्याच्या जिभेकडं बघत बसलो होतो. हातभर लांब आणि काळी-जांभळी, नुकतीच जांभळं खाल्ल्यासारखी.

“सात!” उत्तर ह्यांनीच दिलं, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. “फक्त सात. तुमच्याआमच्या मानेतही सातच. आता बोला!”

जिराफानं चघळायचं थांबवलं, आमच्या गाडीकडं एकदा नीट पाहिलं आणि लांब लांब ढांगा टाकत तो निघून गेला.

“गेला,” पुढच्या सीटवरचे ठाण्याचे गृहस्थ म्हणाले. त्यांनी कॅमेऱ्याची नळी नुकती कुठं लांब केली होती.

“जाऊ द्या हो, पुढं मिळेल अजून,” हे म्हणाले. “तोवर मी तुम्हाला त्याच्या हृदयाचं सांगतो.”

केनियातल्या मसाई माराच्या जंगलातला तो आमचा पहिला दिवस. त्या दिवशी आमच्या गाडीत सहा माणसं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघंच उरलो. मी, हे आणि अक्कावन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण. बाकीच्यांनी दुसऱ्या गाडीत दाटीवाटी करून घेतली होती. “तिकडं खिडक्या मोठ्या आहेत,” असं ठाण्याच्या बाई मला म्हणाल्या. दोन्ही गाड्या एकसारख्या होत्या.

“चांगलं झालं,” हे म्हणाले. “ऐसपैस बसू.”

मी काहीच म्हटलं नाही. म्हणणारही नव्हते. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत रोज सकाळी अंघोळ झाल्यापासून दुपारचा नैवेद्य होईपर्यंत माझं मौन असे. बारा वर्षांचा नेम धरला होता आणि ते बारावं वर्ष. मध्ये एक शब्द जरी तोंडातून गेला तर मागची सगळी वर्षं पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सहल मुलानं ठरवली तेव्हा तो म्हणाला होता, “आई, परदेशात एवढं चालतं.” मी त्याला म्हटलं, “बाळा, देवाला पासपोर्ट लागत नाही.” डब्यातला बाळकृष्ण बरोबर घेतला, जपमाळ पर्समध्ये टाकली आणि विमानात बसले.

आता आम्ही एवढ्या लांब कशासाठी गेलो, ते सांगते.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात. चहूकडं ऊस आणि उसात बिबट्या. आमच्याकडं त्याला सरळ वाघच म्हणतात. थट्टेची गोष्ट नाही ती. शेळ्या-वासरं जातात, कधी माणसावरही बेततं. संध्याकाळनंतर कुणी एकटं बांधावर जात नाही. आणि गावात असं एक घर नाही, जिथल्या कुणीच बिबट्या पाहिला नाही. दूधवाल्यानं पाहिलाय, पोस्टमननं पाहिलाय. मारुतीच्या देवळातल्या पुजाऱ्यानं तर दोनदा. नाही पाहिला तो फक्त ह्यांनी, डुंबरे गुरुजींनी, ज्यांनी हायस्कुलात आयुष्यभर विज्ञान शिकवलं आणि फळ्यावर दरवर्षी बिबट्याचा पंजा काढून दाखवला.

“गुरुजी, आत्ता होता हो!” असं कुणी सांगत आलं की हे बॅटरी घेऊन धावत. पायजमा दवानं गुडघ्यापर्यंत भिजवून परत येत. “गेला वाटतं,” एवढंच म्हणत आणि पाय पुसत बसत. कितीतरी वर्षं मी ते पाय पुसणं पाहिलंय.

शेजारचे नाना वाजगे ह्यांचे बालमित्र आणि तेवढेच वैरी. पारावर सगळ्यांसमोर ते म्हणाले, “गुरुजी, तुमच्या नशिबात वाघ नाही. तुम्ही आफ्रिकेत गेलात तरी तो तिथून जुन्नरला पळून येईल.”

ह्यांना ते लागलं. ह्यांची मिशी तालुक्यात प्रसिद्ध आहे. चांगली झुपकेदार, दोन्ही टोकं वर. तिच्यावर हात ठेवून हे म्हणाले, “आफ्रिकेतून बिबट्या न बघता परत आलो, तर ह्याच पारावर बसून मिशी उतरवीन.”

“न्हाव्याला सांगून ठेवतो,” नाना म्हणाले.

तर असं. मिशी पणाला लागली होती. आणि मला विचाराल तर मिशी नुसती सांगायला. पणाला लागलं होतं ते वेगळंच. ते भिजलेले पाय मला दिसत होते.

आमचा गाडीवान होता लेमायान नावाचा मसाई. उंच, हसरा, कानाच्या पाळ्या गळ्यापर्यंत लोंबणाऱ्या. मराठी मंडळींच्या सहली फिरवून फिरवून त्यानं पाच-सहा शब्द उचलले होते. “चला चला”, “बसा बसा”, “चहा?” आणि “शांत”. शेवटचा शब्द त्याला आमच्या गाडीत फार लागे. माझं मौन कळल्यावर त्याला काय आनंद झाला! त्यानं मला नावच ठेवलं, ‘मामा किम्या’. त्यांच्या भाषेत म्हणजे न बोलणारी आई.

“बाईमाणसाला मामा म्हणतो मेला!” वन्सं म्हणाल्या.

“अक्का, तो स्वाहिली शब्द आहे. बांटू भाषांच्या कुळात...” हे सुरू झाले.

“शांत, शांत,” लेमायान म्हणाला.

प्राणी आम्ही पुष्कळ पाहिले. देवाच्या दयेनं काही कमी पडलं नाही. हत्ती दिसले की मी हात जोडायची, तिकडच्या हत्तींचे कान एवढे मोठे की वन्सं म्हणाल्या, “ह्याच्या कानात आमचं स्वयंपाकघर बसेल.” सिंहीण दिसली ती गाडीच्या सावलीत येऊन आडवी झाली, अगदी अंबाबाई देवळात सोडून दुपारची डुलकी काढायला आल्यासारखी. रानम्हशी पाहिल्या, त्यांच्या कपाळावर शिंगांचा मधोमध भांग. गेंडा पाहिला, लांबून, चिखलात लोळलेल्या धोंड्यासारखा. रानडुकरं शेपट्या ताठ उभ्या करून पळाली तेव्हा वन्सं म्हणाल्या, “बघ मालन, वराह अवतार. झेंडा घेऊन निघालेत.” नू नावाची जनावरं तर डोळा जाईल तिथवर, धड म्हशीचं, दाढी बोकडाची, शेपूट घोड्याची. देवानं उरल्यासुरल्यातून केलीत असं वाटावं. नदीकाठी पाणघोडे ढेकर दिल्यासारखे ओरडत होते.

“सगळे कुणा ना कुणा देवाच्या चाकरीत,” वन्सं म्हणाल्या. “हत्ती गणपतीचा, सिंह देवीचा, रेडा यमाचा. तो बिबट्या तेवढा बिनकामाचा. म्हणून तर सापडत नाही.”

खरंच सापडत नव्हता. लेमायानच्या वायरलेसवर सारखं ‘चुई, चुई’ ऐकू यायचं. चुई म्हणजे बिबट्या. तो गाडी पळवायचा, आम्ही पोचायचो आणि तिथं सात-आठ गाड्या माघारी वळत असायच्या. एकदा तर ठाण्याचे गृहस्थ खिडकीतून ओरडले, “गुरुजी, आत्ता होता हो!”

ह्यांचा चेहरा बघवेना. केनियातसुद्धा तेच वाक्य.

संध्याकाळी जेवणाच्या तंबूत नाना वाजग्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. फोनच्या पडद्यावर नाना आणि नानांच्या मागं गावातला न्हावी.

“दिसला का?”

“तीन दिवस आहेत अजून,” पहिल्या दिवशी हे म्हणाले.

“दिसला का?”

“उद्या दिसेल,” दुसऱ्या दिवशी.

तिसऱ्या दिवशी ह्यांनी फोन उचललाच नाही. थाळीतला भात चिवडत बसले.

“दिगू,” वन्सं म्हणाल्या, “मिशी परत येते रे. केसच ते.”

“मिशीचं नाही गं अक्का,” हे म्हणाले आणि थाळी बाजूला सारली. त्यांच्या तोंडून वाक्य अर्धं सुटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

आणि आली शेवटची सकाळ. श्रावणातला सोमवार. दुपारी निघायचं, त्याआधी एक फेरी. चांगलीच थंडी होती. वन्सं स्वेटरवर शाल आणि शालीवर लेमायाननं दिलेला मसाईंचा तांबडा कपडा अशा गुंडाळून बसलेल्या. मी लेमायानच्या मागच्या सीटवर, माळ ओढीत. हे छताच्या उघड्या भागातून डोकं बाहेर काढून उभे.

बातमी आली होती की बिबट्या नदीच्या पलीकडच्या बाजूला आहे. सगळ्या गाड्या तिकडं गेल्या. आमची गाडी वाटेत एका कोरड्या ओढ्याशी थांबली, कारण वायरलेसवर नक्की जागा कोणती ते लेमायानला ऐकू येईना. तो कान लावून खाली वाकला होता. ऐकू न येण्याचं कारण डोक्यावर उभं होतं.

“अक्का, आपल्याकडचा बिबट्या आणि इथला बिबट्या, दोघांची जात एकच बरं का. फरक अंगावरच्या...”

मी उजवीकडं पाहिलं.

ओढ्याच्या काठावर उंबरासारखं एक मोठं झाड होतं. खाली दाट झुडपं, वर आडवी फांदी. पानांची सावली फांदीवर ठिपक्याठिपक्यांनी पडलेली. आणि त्या फांदीखाली, वारा नसताना, काहीतरी हललं.

शेपटी होती. सैल सोडलेली. टोक तेवढं वर वळलेलं, त्याला आतून पांढरं. शेपटी मी लगेच ओळखली. मग तिच्या मागोमाग नजर वर नेली, तेव्हा कळलं, ती सावली नव्हती. फांदीच्या दोन बाजूंना चारही पाय सोडून, हनुवटी टेकवून, दुपारी ओसरीवर म्हाताऱ्यानं पडावं तसा तो पडला होता.

माळेचा मणी बोटांतच राहिला.

हे डावीकडं तोंड करून ठिपक्यांचं सांगत होते.

मी ह्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. अकरा वर्षांच्या मौनात घरात माझी एक खुणांची भाषा तयार झाली होती. अंगठा ओठाशी म्हणजे पाणी. दोन बोटं कपाळाला म्हणजे पूजेचं काही. गुडघ्यावर थाप म्हणजे ह्यांची गोळी.

“घेतली, घेतली,” हे खाली न बघता म्हणाले. “नाश्त्याबरोबरच घेतली.”

मी वन्संचा हात ओढला. बोटांची टोकं गालांवर टेकवून टेकवून ठिपके दाखवले.

वन्संनी माझ्याकडं निरखून पाहिलं. “डास चावले? दिगू, हिला डास चावले बघ.”

“श्रावणात इकडं डास नसतात,” हे वरून म्हणाले. “हा त्यांचा हिवाळा.”

मी झाडाकडं बोट केलं. पूर्ण हात लांब करून. तेव्हा मात्र हे खाली वाकले, त्यांनी माझा हात धरला आणि हळूच आत घेतला. “हात बाहेर काढायचा नाही. पाटी वाचली नाहीस का?”

मी मान जोरजोरात हलवली. पुन्हा बोट केलं, आतूनच. झाडाकडं. झुडपांकडं. लेमायानच्या खांद्यावर टकटक केलं.

“येस, मामा किम्या?” तो वळला. मी झुडपांकडं बोट करतेय, घाईनं मान हलवतेय, हे त्यानं पाहिलं. वन्संनीही पाहिलं. आणि वन्संच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला.

“अरे दिगू! तिला लघवीला जायचंय! केव्हाची बिचारी झुडपं दाखवतेय. एवढं कळेना बायकोचं?”

“अरेरे!” हे म्हणाले आणि मग सगळ्या मसाई माराला ऐकू जाईल अशा आवाजात, “लेमायान! टॉयलेट! लेडीज! अर्जंट!”

“ओह! नो, नो, मामा,” लेमायान कळवळून म्हणाला. “इधर नहीं. इधर सिंबा, लायन. टू किलोमीटर, गुड टॉयलेट. चला चला!” आणि त्यानं किल्ली फिरवली.

इंजिन घरघरलं. फांदीवर त्यानं डोकं उचललं. कान पुढं झाले. एक पाय वर घेतला.

“लाजायचं काय त्यात,” वन्सं माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. “थंडीनं होतंच.”

शब्द माझ्या जिभेवर होता. ‘बघा’. दोनच अक्षरं. कृष्णा, म्हटलं मनात, अकरा वर्षं आणि वर हे दिवस, घे, सगळे परत घे. मी तोंड उघडलंसुद्धा. ओठ मिटून ‘ब’ तयार झाला. आणि त्याच क्षणी मला पुढचं सगळं ऐकू आलं, अगदी स्पष्ट. मी म्हणणार ‘बघा’, हे म्हणणार ‘काय? कुठं? कशाकडं?’, प्रत्येक शब्द आधीच्यापेक्षा मोठा. माझा नेम मोडला असता, ह्यांचा आवाज चढला असता आणि फांदी रिकामी झाली असती. बोलून कुणाचंच भलं होणार नव्हतं.

मी उठले. डाव्या हातानं लेमायानचा खांदा गच्च दाबला. आणि उजवा तळवा ह्यांच्या तोंडावर ठेवला. नुसता ठेवला नाही, दाबला. मिशीसकट.

लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. ह्यांच्या ताटावरून माझा हात कधी ओलांडून गेला नव्हता. आणि भर आफ्रिकेत, थोरल्या नणंदेसमोर, नवऱ्याचं तोंड दाबून मी उभी होते.

ह्यांचे डोळे एवढे मोठे झाले.

वन्सं ओरडणारच होत्या. “अगं बाई, मालन...” एवढं निघालंही. लेमायाननं इंजिन बंद केलं होतं. मी ह्यांची हनुवटी दुसऱ्या हातानं धरली आणि हळूहळू, शाळेतल्या पृथ्वीच्या गोलासारखी, उजवीकडं फिरवली.

मग शांतता झाली.

ती शांतता कशी होती ते मला सांगता येणार नाही. तीन दिवस आम्ही त्या जंगलात होतो, पण जंगल ऐकलं ते तेव्हाच. गवत वाजत होतं. लांब कुठंतरी झेब्रा कुत्र्यासारखा भुंकला. लेमायान घाबरून मागं वळून बघत होता. आवाज एकदम बंद पडला म्हणून गुरुजींना काही झालं की काय असं त्याला वाटलं, हे त्यानं मागाहून सांगितलं. मग त्यानंही आमच्या नजरेमागं नजर नेली आणि त्याच्या ओठांतून नुसता वारा निघाला, “चुई.”

वन्संनी तांबड्या कपड्याचा बोळा स्वतःच तोंडात कोंबला.

वर घेतलेला पाय बिबट्यानं परत फांदीवर ठेवला. आमच्याकडं पाहिलं. ते डोळे पिवळेधमक आणि त्यांत राग नाही, ओळख नाही, काहीही नाही. मग त्यानं जांभई दिली. आतली लालबुंद जीभ, सुळे, टाळूवरच्या रेघा, सगळं उघडून दाखवलं. ह्यांनी एका शब्दानं काही सांगितलं नाही. मणके, सुळे, पंजे, जात, कूळ, काहीही नाही. माझ्या तळव्याखाली ह्यांचा श्वास गरम गरम लागत होता.

बराच वेळ गेला असावा. मग तो उठला, पाठ ताणली, खोडावरून डोकं खाली करून पाण्यासारखा उतरला आणि गवतात शिरला. शेपटीचं पांढरं टोक थोडा वेळ गवताच्या वर दिसत राहिलं. मग तेही गेलं.

मी हात काढला तेव्हा तळवा ओला होता. श्वासानं असेल. मी पदराला पुसला नाही.

मुक्कामापर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत. लेमायान दोनदा आरशातून बघून म्हणाला, “गुरुजी ओके?” वन्सं म्हणाल्या, “ओके, ओके. पहिल्यांदाच ओके.”

दुपारी तंबूत बाळकृष्णाला दूध-साखरेचा नैवेद्य दाखवला, घंटी वाजवली आणि माझं मौन सुटलं. हे खाटेवर बसले होते. मी जवळ गेले.

“अहो, राग आला का?”

ह्यांनी मान वर केली. “तू हे आधीच का नाही केलंस?”

“आधीच म्हणजे? तो आत्ताच तर दिसला.”

“आजचं नाही गं. अडतीस वर्षांत कधीतरी करायचंस.”

मला हसू आवरेना. हेही हसले, पण आवाज न करता. मग जरा वेळानं म्हणाले, “पण तुला दिसला कसा? लेमायानला दिसला नाही, एवढी जन्मभराची नजर त्याची.”

“शेपटी दिसली.”

“शेपटी आहे हे तुला कसं कळलं? वेल असेल, काही असेल...”

तेवढ्यात वन्सं आल्या. बॅगेत तांबडा कपडा बसत नव्हता, तो बसवायला मी गेले आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

गावी पोचलो त्या संध्याकाळी नाना वाजगे दारात हजर. मागं न्हावी, त्याच्या हातात पेटी. पारावरची चार माणसंही आली होती. गुरुजी आता तीन तास बोलणार म्हणून दोघांनी सतरंजी आणली होती.

“काय गुरुजी, दिसला का?”

“दिसला,” हे म्हणाले.

सगळे थांबले. पुढचं ऐकायला. हे चहा पीत राहिले.

“दिसला म्हणजे? कुठं? केवढा? फोटो?”

“फोटो काढायचा राहिला. झाडावर होता.” एवढं बोलून ह्यांनी बशी खाली ठेवली.

नाना जरा घुटमळले. ह्यांच्या तोंडून खोटं निघत नाही हे गावाला माहीत, त्यामुळं मिशीचा प्रश्न मिटला होता. पण नाना जाताना मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठून हळूच म्हणाले, “वैनी, गुरुजींची तब्येत बरी आहे ना? डॉक्टरांना दाखवा हो एकदा.”

न्हाव्यानं पेटी उचलली आणि सतरंजीवाले सतरंजी घेऊन गेले.

आता त्याला सात-आठ वर्षं झाली. माझं बारा वर्षांचं उद्यापन त्याच कार्तिकात झालं. मौन मी पुढंही सोडलं नाही, सवय झाली म्हणून. पण आता सांगते ते उद्यापनाच्या आधीचं आहे, त्याच वर्षीच्या भाद्रपदातलं.

आमच्या घराच्या मागल्या बाजूला गुरांसाठी पाण्याचा हौद आहे, त्याच्या पलीकडं ऊस. मी पहाटे अंघोळ करून मागच्या खोलीत जाळीच्या खिडकीशी जपाला बसते. दिवा लावत नाही. उजाडेल तसं उजाडू देते. हे त्या वेळी पुढच्या खोलीत रेडिओ लावून, खाकरून, चुळा भरून सगळं घर जागं करत असत.

आफ्रिकेहून आल्यापासून रेडिओ बंद होता. एका पहाटे मागची कडी वाजली. हे पाटासकट आत आले, माझ्या शेजारी पाट मांडला आणि बसले. काही विचारलं नाही, मीही खूण केली नाही. दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्या दिवशीही आले. खोकला आला तर उपरणं तोंडाशी धरायचे.

असेच एकदा आम्ही बसलो होतो. पूर्वेला नुकतं राखाडी झालं होतं. ऊस वाजला. मग थांबला. मग उसाच्या कडेनं एक आकार निघाला आणि जमिनीला चिकटल्यासारखा हौदाशी आला. हौदाच्या काठावर पुढचे पाय टेकवून वाकला. पाणी पिण्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता, लप, लप, लप, घरच्या मांजरानं दूध प्यावं तसा. शेपटी मागं सैल होती आणि टोक वर वळलेलं.

हे हलले नाहीत. श्वाससुद्धा मोजून घेत असावेत.

त्यानं पाणी संपवलं, खिडकीकडं मान वळवून पाहिलं आणि आला तसा उसात गेला. उजाडलं. गावातला पहिला कोंबडा आरवला, उशिरानं.

कितीतरी वेळानं हे माझ्या कानाशी वाकले. इतक्या हळू बोलले की मला ओठांवरून समजून घ्यावं लागलं.

“आज पहिल्यांदाच आला ना हा?”

माझं मौन होतं. मी मान हलवली. नाही.

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग हौदाकडं. मग पुन्हा माझ्याकडं. आफ्रिकेतलं ते अर्धवट राहिलेलं बोलणं त्यांना आठवलं असावं.

“म्हणजे... तू आधी... किती वेळा?”

मी माळ मांडीवर ठेवली. दोन्ही हातांची दहाही बोटं उघडून दाखवली. मिटली. पुन्हा उघडली. पुन्हा मिटली. तिसऱ्यांदा उघडायला लागले तेव्हा ह्यांनी माझे दोन्ही हात आपल्या एका हातात धरले.

आणि दुसरा हात स्वतःच्याच तोंडावर गच्च दाबला.